कानातले खडे

अंथरुणात कूस बदलली की छत गरगरायचं. छताचं मला काय! तीन दिवसांनी शंख काढायची बंदी उठून समुद्र उघडणार होता आणि हा हंगाम चुकला तर खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या बायकांतली माझी जागा गेली, एवढीच धास्ती होती.

आमच्या बेटावरच्या जेजू शहरातल्या तरुण डॉक्टरने मला आडवं केलं आणि डोकं खाटेच्या कडेवरून खाली लोंबकळवलं. खोली फिरायला लागली.

"मावशी, कानातले बारीक खडे हललेत. डोकं वेगवेगळ्या बाजूंना फिरवलं की जागेवर जातील. गोळ्यांनी चक्कर फक्त दबते."

"मान पिळून कुणी बरं होतं का? कोंबडी समजलास मला?" मी तडक घर गाठलं.

आम्ही पाणबुड्या बायका. उतरण्याआधी डोकेदुखीची पूड आणि गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळी, हा आमचा रोजचा नाश्ता. सगळ्यांना मीच वाटते. समुद्र उघडला त्या सकाळी मी स्वतः दोन गोळ्या घेतल्या.

पाचव्या बुडीत खडकाखाली शंख दिसला. डोकं खाली घातलं आणि समुद्र उलटला. वर समजून पाय मारत गेले, तर हाताला वाळू लागली! दम संपत आला होता. तेवढ्यात कुणीतरी कमरेचा पट्टा धरून मला ओढलं.

माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेली योनजा होती ती. वर येताच कडाडली, "मेली असतीस ना, ताई! आणि आम्हालाही रोज हेच खायला घालतेस!"

 

दुपारीच तिला घेऊन डॉक्टरकडे गेले. "फिरव बाबा." खोली अशी गरगरली की मी योनजाचा हात धरून लहान पोरीसारखी किंचाळले. मग सगळं थांबलं.

"दोन आठवडे पाण्यात जायचं नाही," तो म्हणाला. तोवर हंगाम आटपणार. रडू आलं, रडले.

दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांचे हात माझ्यापुढे आले. मी गोळ्यांची पिशवी मांडीखाली दाबली.

"आजपासून गोळी नाही, पूड नाही. जिचं डोकं दुखतंय, तिने माझ्याजवळ बसायचं."

कुणी हलेना. मग आमच्यातली सर्वांत तरबेज यांगसिम आजी मुकाट्याने येऊन शेजारी टेकली.

"कधीपासून दुखतंय, आजी?"

"झाली असतील चाळीस वर्षं," ती म्हणाली.