रंधामामांचे आठ रविवार

एकोणीस वलयं, आणि विसावं अर्धवट — सालीच्या बाजूला, जिथं फळीची कड करवतीनं घेतली तिथं तुटलेलं. तिनं खिडकीतला काप पुन्हा उचलला, नखाच्या टोकानं पुन्हा मोजलं. एकोणीसच. खिडकीत आणखी होतं ते असं : रुंदी मोजायला एक डिजिटल कॅलिपर, काडेपेटीएवढं एक आर्द्रता दाखवणारं यंत्र, एक वही, अर्धा कप चहा. आर्द्रता एकसष्ट टक्के. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झाली होती आणि डिंकताईंचा आकडा अजून आला नव्हता.

काप म्हणजे तळहाताएवढा रुंद, बोटभर जाड लाकडाचा तुकडा. पाठीवर पेन्सिलीनं सात. असे एकूण बारा, बारा गावांतल्या बारा खिडक्यांत. तीन वर्षांपूर्वी रंधामामांनी एकाच फळीचे हे बारा काप केले आणि सुतारकट्ट्यावरच्या बारा जणांत वाटले — एक स्वतःला ठेवला, अकरा टपालानं पाठवले. सुतारकट्टा ही इंटरनेटवरची जागा. पोटासाठी भलतंच काहीतरी करणारी माणसं तिथं सुट्टीच्या दिवशी लाकूड खराब करतात आणि त्याचे फोटो एकमेकांना दाखवतात. कापाबरोबर मामांची चिठ्ठी होती. लाकूड मेलं असं समजू नका, हवा दमट झाली की ते फुगतं, कोरडी झाली की आकसतं. दर रविवारी रुंदी मोजा आणि कळवा. बस, एवढंच. आणि ती रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते म्हणून, किंवा कुणी न विचारताच तिनं पहिल्या आठवड्यात आलेख काढून टाकला म्हणून, आकडे गोळा करायचं काम तिच्याकडे आलं, आणि नावही आलं — मिलिमीटर. आमची मिलिमीटर उठली का? मिलिमीटरबाई, आज माझं लाकूड जेवलेलं नाही, लिहून घ्या.

आलेखावर बारा रेघा. समुद्राकडच्या वर, डोंगराकडच्या खाली, सगळ्या एकमेकींकडे बघत चालल्यासारख्या. सर्वांत वरची निळी रेघ मामांची. दर रविवारी नऊच्या आत त्यांचा आकडा पहिला येई — १००.३५, तीनदा मोजला. १००.१०, तीनदा मोजला, तिसऱ्यांदा शिंक आली म्हणून चौथ्यांदा. एकशे अठ्ठेचाळीस रविवार. मग त्यांच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका करडा झाला, आणि त्याखाली जे लिहून येतं ते आज असं होतं : शेवटचे दिसले त्रेसष्ट दिवसांपूर्वी.

आणि तरीही निळी रेघ तुटलेली नव्हती.

आठ आकडे तिनं भरले होते. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, आलेख पूर्ण करायचा राहिला होता, बारावी रेघ मध्येच संपत होती — दोरीचं टोक लोंबावं तशी… आणि ते लोंबणं तिला बघवेना. डिंकताई आणि मामा एकाच किनाऱ्यावर राहतात, तासाभराच्या अंतरावर. ताईंच्या आकड्यावरून मामांचा आकडा किती असेल हे काढायला तिच्याकडे एकशे अठ्ठेचाळीस जोड्या होत्या. काढला. १००.३७. खाली लिहिलं, मामांनी फोनवर कळवला. हे वाक्य लिहायला लागलेला वेळ आकडा काढायला लागलेल्या वेळापेक्षा कितीतरी कमी होता, हे तिच्या तेव्हाही लक्षात आलं होतं. पुढच्या रविवारी वाक्य आपोआप लिहिलं गेलं. तिसऱ्या रविवारी कुणीतरी लिहिलं, मामांना नमस्कार सांग. आणि तिनं लिहिलं, सांगते.

मी खोटं बोलले नाही, मी अंदाज केला — असं ती स्वतःला बसस्टॉपवर, जिन्यात, प्रयोगशाळेत चिकटपणा मोजताना सांगत असे. चूक फार तर सहा शतांश मिलिमीटर. केसाच्या जाडीएवढी. केसाच्या जाडीएवढ्या चुकीला कुणी खोटं म्हणतं का?

आईनं आत येऊन कप उचलला, तळाशी राहिलेल्या चहाकडे पाहिलं, कापाकडे पाहिलं.

"मोजून मोजून काय लाकूड वाढणार आहे का?"

"वाढतं," ती म्हणाली.

आईनं कप तिच्या समोरच खाली ठेवला आणि निघून गेली. हे उत्तर आईनं तीन वर्षांत बऱ्याचदा ऐकलं होतं.

दहा वाजून चाळीस. डिंकताई नाहीत. इतर नऊ जणांचे आकडे वहीत उतरवून झाले होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भुसाशेठनं — गिऱ्हाइकांच्या घड्याळांत लाकडाचा भुसा सापडतो म्हणून हे नाव — नेहमीप्रमाणे आकड्यासोबत नव्या स्टुलाचा फोटो टाकला होता आणि त्यावर कुणीतरी विचारलं होतं की हे बसायचं आहे की याच्यासाठी बसून रडायचं. ती हसली, आणि हसताना तिला मामांचं स्टुलावरचं वाक्य आठवलं. कट्ट्यावर ती आली तेव्हा तिचं पहिलं स्टूल डुगडुगत होतं. तिनं एक पाय कापला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा. स्टूल बुटकं होत चाललं आणि डुगडुगणं तेवढंच राहिलं. सतरा जणांनी सतरा उपाय सांगितले. मामांनी लिहिलं, पोरी, आता पायांना हात लावू नकोस, आधी जमीन तपास. तिनं तपासली. फरशी तीन मिलिमीटरनं कलती होती. पदवीच्या चार वर्षांत तिला असं कुणी सांगितलं नव्हतं — की मोजायचं ते नेमकं काय, हे आधी ठरवावं लागतं…

अकरा. आधी वाटलं ते असं, की ताईंचा आकडा नाही तर मामांचा काढायचा कशावरून. आणि पाठोपाठ दुसरं वाटलं, की दोन ठिपके करडे झाले तर. पहिलं आधी वाटलं, याची तिला लाज वाटली.

फोन वाजला. डिंकताई. तीन वर्षं लिहून बोलणाऱ्या बाईंचा आवाज तिच्या मनात जाडसर होता. खरा बारीक निघाला, मागं नळ चालू होता.

"माझा आकडा मी थांबवलाय," ताई म्हणाल्या. "मुद्दाम. म्हटलं, आधी मामांचा येऊ दे."

नळ बंद झाला.

"येत नाहीये ना?"

"नाही," ती म्हणाली.

ताई रागावल्या नव्हत्या. बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, त्या सांगत होत्या, तापाचे तक्ते बघण्यात जन्म गेला. रात्रपाळीच्या मुली झोप लागली की सकाळी ताप मनानं भरायच्या, आणि न मोजलेला ताप लांबून ओळखू येतो, तो फार शहाण्यासारखा वागतो. तुझे मामा तसे वागायला लागले. मी भुसाशेठला विचारलं, त्यानं डोळ्याला भिंग लावून शेवटचा अंक दाखवला. मामांचा कॅलिपर जुना, रेघा वाचायचा व्हर्नियर, मिलिमीटरचे वीसच भाग दाखवणारा. त्यांच्या आकड्याच्या शेवटी शून्य नाहीतर पाच, तिसरं काही येऊच शकत नाही. आणि हे सदतीस आलं.

सदतीस. एकेचाळीस. अठ्ठावीस… ती वहीची पानं उलटत होती. एकशे अठ्ठेचाळीस आकडे तिनं स्वतःच्या हातानं उतरवले होते, सरासरी काढली होती, ताईंच्या आकड्यांशी जोड्या लावल्या होत्या, आणि सगळ्यांच्या शेवटी शून्य किंवा पाच आहे हे एकदाही दिसलं नव्हतं. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर तिनं वही परत केली असती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच रविवारी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच असेल. भुसाशेठ म्हणाला, राहू दे, ठेवू दे पोरीला. आणि आम्हालाही… बरं वाटत होतं गं. रेघ चाललेली दिसायची."

तिला खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती, टाकीवर एक कावळा. आठ रविवार ती या दहा जणांना सांभाळून घेत होती असं तिला वाटलं होतं, आणि आठ रविवार ते दहा जण तिला सांभाळून घेत होते. एका न आलेल्या आकड्याभोवती अकरा माणसं एकमेकांना न सांगता हात धरून उभी… यात हसण्यासारखं काहीतरी होतं.

"मग आज का?" तिनं विचारलं.

"परवा सागाची एक फळी मिळाली. सरळ धाग्याची, एकही गाठ नाही. मी ती बाजूला ठेवली — मामांना विचारू म्हणून. आणि मग आठवलं. म्हणजे बघ, खोटं आहे हे ठाऊक असून मी विश्वास ठेवायला लागले. एका तासाची बस आहे, मिलिमीटर. एक तास. नऊ आठवड्यांत मी गेले नाही. कशाला जायचं, आकडा येतोय की."

पत्ता. काप ज्यातून आला आणि ज्यावर मामांचा पत्ता होता ते खोकं तिच्या टेबलाच्या खालच्या खणात होतं, त्यात ती स्क्रू ठेवत असे. दर दोन दिवसांनी ते उघडत असे, आणि झाकणावरच्या तिरक्या निळ्या अक्षरांवरून नजर पुढं नेत असे — हे तिला आत्ता, फोन कानाला असताना, कुणीतरी दुसऱ्यानं सांगावं तसं कळलं. एक पत्र लिहिलं असतं तर उत्तर आलं असतं. किंवा आलं नसतं. मी आकडा काढत बसले म्हणजे मला पत्र लिहावं लागलं नाही.

"बुधवारी मी जाते," ताई म्हणाल्या. "पण तू आज जागा रिकामी सोड. म्हणजे माझे पाय हलतील."

"आणि तिथं…"

"तिथं काय आहे ते तिथं गेल्यावर. कदाचित डोळे गेले असतील, कदाचित नुसतं इंटरनेट गेलं असेल, रुसलेही असतील, त्या माणसाचा नेम नाही. तुझ्याकडून काय नेऊ?"

ती म्हणाली, माझा आकडा न्या.

फोन ठेवल्यावर तिनं आलेख उघडला. मागच्या आठ रविवारांतले निळे ठिपके एकेक करून पुसले. रेघ आठ आठवडे मागं जाऊन थांबली, आणि आलेखाच्या उजव्या कडेला वरच्या बाजूला पांढरी जागा उरली. खाली लिहिलं, हे आठ आकडे मामांचे नव्हते, माझे होते, मामांकडून काही कळलेलं नाही. पाठवून दिलं. मिनिटभरात भुसाशेठचं उत्तर आलं. तिनं ते उघडलं नाही. नाव तेवढं पाहिलं, आणि खालचा खण ओढला.

स्क्रूच्या खोक्यामागं कापडात गुंडाळलेला व्हर्नियर होता. मामांनी एकदा तिच्या डिजिटल कॅलिपरची थट्टा केली होती — बॅटरी संपली की तुझं लाकूड मोजायचं थांबणार का — त्यावर जुन्या बाजारातून तिनं तो चिडून आणला होता आणि डोळे दुखतात म्हणून कधी वापरला नव्हता. वीसच भाग. जबडे तिनं पुसले, बंद करून शून्य जुळतं का पाहिलं. जुळत होतं. मग काप उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला. बारीक रेघांची एक रांग दुसरीवरून सरकत गेली, कुठली रेघ कुठल्या रेघेला नेमकी भिडते हे ठरेपर्यंत श्वास रोखावा लागला, आणि मामा दर रविवारी या एका आकड्यासाठी किती वेळ असे स्तब्ध बसत असतील हे तिला पहिल्यांदाच कळलं. आईनं दारातून डोकावून पाहिलं आणि आल्या पावली गेली. तिनं काप फिरवला, पुन्हा मोजला. पुन्हा फिरवला.

वहीत सातव्या रकान्यात तिनं लिहिलं : ९९.६५. तीनदा मोजला.