तिसऱ्या कुंडीचं पान

"काका, द्या ना ते पान. खलातला द्रव नायट्रोजन उडून चाललाय."

लॅबमधल्या तरुण संशोधक नम्रताने खल पुढे सरकवला. बद्रीनाथ वर्तमानपत्राची घडी उघडून नुसते बघत राहिले. आत टोमॅटोचं आकसलेलं अर्धं पान, शेजारी दुर्गाबाईंचं पेन्सिलीतलं अक्षर: कात्रज, गॅलरी, तिसरी कुंडी.

पिकांच्या विषाणूंच्या या प्रयोगशाळेत पानं कुटण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. पण घरच्या टोमॅटोवर हा रोग आधी दिसला तो बायकोला, दुर्गाबाईंना. "पानं चुरगाळल्यासारखी होताहेत. साहेबांना दाखवा," म्हणून तिने एक पान दाबून ठेवलं. त्यांनी लॅबच्या सवयीने झाडंच उपटून जाळली.

"औषध आणा म्हटलं, तर काडेपेटी आणलीत!" ती दोन दिवस बोलली नव्हती. आता तिला जाऊन वर्ष झालं.

कुटून फ्रीजरमध्ये ठेवलेलं पहिलं अर्धं पान वायाच गेलं होतं. गुरुवारी वीज गेली की फ्रीजर जनरेटरवर टाकायचं काम बद्रीनाथांचं. त्या गुरुवारी ते वर्षश्राद्धासाठी घरी होते आणि कुणाला सांगायचं राहून गेलं.

"पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे पाहुण्यांनाही ठाऊक असतं, बद्रीनाथ," साहेब एवढंच म्हणाले.

"विषाणू नवा निघाला तर नावात कात्रज येईल ना?" त्यांनी नम्रताला विचारलं.

"येईल. पीक, लक्षण, गाव. पण ओळखीच्या विषाणूंशी जुळणी एक्क्याण्णव टक्क्यांच्या खाली हवी."

त्यांनी पान खलात टाकलं आणि स्वतःच कुटलं.

तीन आठवड्यांनी डीएनए वाचून देणाऱ्या कंपनीकडून विषाणूच्या डीएनएची अक्षरं आली, सत्तावीसशे. नम्रताने ती संगणकावर जुळवून पाहिली.

"साडेब्याण्णव. जुनाच आहे, काका. थोडा बदललेला, इतकंच."

"दीड टक्क्यासाठी?" बद्रीनाथांचा आवाज चढला. "शेवटचं पान होतं ते! परत जुळवा."

"तीनदा जुळवलं."

ते स्टुलावर बसले. नम्रता फॉर्मकडे वळली. "नोंद तर करावीच लागेल. नमुना कुणी घेतला? लॅब लिहू?"

"लॅब कशाला? दुर्गाबाईंनी घेतला."

तिने टाइप केलं. "तारीख?"

त्यांनी खिशातून घडी काढली. पानाच्या जागी तपकिरी डाग उरला होता, शिरांसकट. "त्याच दिवसाचा पेपर आहे. मी वाचायच्या आधीच पळवला होता तिने."

त्यांनी वरची तारीख वाचून दाखवली आणि डाग आत ठेवून घडी होती तशी घातली.