तुळजाचे खुरपे

मित्रांनो, मी अणशीच्या रानातले एक जुने खुरपे आहे. माझे पाते झिजून बोटभर उरले आहे आणि मूठ दोनदा बदलली आहे. नंदिगड्ड्याच्या लोहाराने मला गाडीच्या मोडक्या चाकाच्या लोखंडी धावेतून घडवले. झिलू कुणब्याने मला त्याच्याकडून घेतले आणि लेकीच्या, तुळजाच्या, लग्नात तिच्या हाती दिले. बाकीचे बाप लेकीला भांडे देतात. याने खुरपे दिले, कारण तुळजाला रानातली अळंबी ओळखण्याचे वेड होते.

ते वेड तिच्या आजीचे, बायजाचे. ती सांगून गेली होती, “अळंबी मोडू नको पोरी, उकर. वरनं समद्या बहिणी बहिणीच दिसत्यात. वळख बुडात असती.”

एरवी मी भाताच्या खाचरात तण काढत असे. पण श्रावण-भाद्रपदात मला मान मिळे. तुळजा मला कमरेला खोचून रानात शिरे. कुजक्या बांबूच्या बेटात जाळीचा झगा घालून उगवणारी अळंबी तिने उभ्या जन्मात तीनदाच पाहिली. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा ती तिथेच फतकल मारून बसली होती, मला ओल्या मातीत विसरून! दूरच्या दिग्गी गावची माणसेही पानात अळंबी गुंडाळून तिला दाखवायला येत.

आता त्या दिवसाचे सांगतो.

विलायतेत मोठी लढाई चालू होती आणि इकडे सागवानाला मागणी आली होती. अणशीजवळ लाकडाच्या गाड्यांसाठी वाट करायचे काम निघाले. अठरा गडी होते. त्यांत तुळजाचा नवरा वासू होता आणि सर्वांचा स्वयंपाक तुळजाकडे होता. मुकादम होता खानापुराकडचा लक्ष्मण. माणूस वाईट नव्हता, पण आपला शब्द खाली पडलेला त्याला खपत नसे.

त्या भाद्रपदात काळी नदीला पूर आला. तांदूळ पलीकडच्या काठावर अडकला. तीन दिवस गडी नाचण्याच्या पातळ आंबिलीवर राबत होते. चौथ्या दिवशी सकाळी लक्ष्मण पंचा भरून पांढरीशुभ्र अळंबी घेऊन आला.

“तुळजाक्का, घे! वारुळाची अळंबी हाय. आज गडी पोटभर जेवत्यात.”

तुळजाने एकेक अळंबी उलटून पाहिली. सगळ्यांचे देठ मधूनच मोडलेले होते.

“मुकादम, बुडं कुठं हाईत हेंची?”

“बुडं काय खायाची हाईत? वारुळालाच हुती म्हणतोय न्हवं!”

“बुड बघितल्याबिगर म्या चुलीवर चढवणार न्हाई.”

गडी कुरकुरले. लक्ष्मणाचे तोंड लाल झाले. त्याने बोटातली चांदीची अंगठी काढली. “ही टाकतो पातेल्यात. इख असंल तर काळी पडंल. मग तरी गप बसशील?”

तुळजाने वाद घातला नाही. जागा विचारून घेतली, वासूला म्हणाली, “म्या येईस्तोवर एक घासबी कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका,” आणि मला उचलून ती धावत सुटली.

मित्रांनो, तशी धाव मी पुन्हा पाहिली नाही. ओढ्याला कमरेइतके पाणी होते. पायांना जळवा चिकटल्या, पण ती काढायला थांबली नाही. बेहड्याच्या झाडाखाली वारूळ सापडले. भोवती मोडके देठ उभे होते. तिने मला मातीत रोवले आणि पहिला देठ सावकाश उकरला. खाली लांब, बारीक मूळ वारुळात खोल गेले होते. चांगली! दुसरा, तिसरा, चौथा... सगळ्यांना तसेच मूळ. मुठीवरची तिची पकड सैल झाली. ती उठली, चार पावले चाललीही.

तेवढ्यात हातभर अंतरावर पाचोळ्याआड आणखी देठ दिसले. ती पुन्हा वाकली. यावेळी माझे पाते खोल गेलेच नाही. देठ एका पांढऱ्या, फाटक्या पिशवीत बसला होता, जणू फुटलेल्या अंड्याच्या कवचात. मूळ नव्हते. आजीने ही अळंबी तिला लहानपणी एकदाच दाखवली होती आणि मग हात राखेने घासून घेतले होते.

चांगली आणि जीवघेणी अशा दोन्ही जाती एकाच पंच्यात गेल्या होत्या.

दोन्ही बुडे पदरात बांधून ती परतली तेव्हा लक्ष्मणाने स्वतःच अळंबी शिजवली होती आणि पत्रावळी मांडलेल्या होत्या. वासू पातेल्यापुढे हात पसरून उभा होता. त्याचा सदरा फाटला होता. “कुणालाबी जेवू दिलं न्हाई,” तो धापा टाकत म्हणाला, “पन मुकादमांनी...”

लक्ष्मण पत्रावळीपुढे बसलेला होता. त्याच्या बोटात अंगठी लखलखत होती. “म्या पयला खाल्लो. बघ, काय झालंय मला? अंगठीबी पांढरी हाय!”

तुळजाने दोन्ही बुडे त्याच्यापुढे ठेवली. “हे मूळ. आणि ही पिशवी. चांदीला काय कळतंय, मुकादम? हे इख आत्ता न्हाई, उद्या बोलतंय. आन् शिजवून बी मरत न्हाई.” तिने पायाने पातेले उलथे केले. भुकेल्या माणसांच्या तोंडून हाय निघाली.

“किती घास खाल्लं?”

“चार.”

“मिठाचं पाणी प्या आन् वका. आत्ता.”

“समद्यांसमोर?”

“मुकादम, तुमच्या बायकूला निरोप धाडायची पाळी माझ्यावर आणू नका.”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. मग मान खाली घालून गाडगे तोंडाला लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विष बोललेच. जुलाब, पोटात पिळे. तिसऱ्या दिवशी उतार पडला, तेव्हा तो कामावर निघाला. तुळजाने त्याला उठू दिले नाही. पाचव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे झाले. गडी डोली करून त्याला दूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. दीड महिना कोणालाच काही कळले नाही.

मग दिवाळीनंतर तो काठी टेकत आला. अर्धा झाला होता. अंगणात उभा राहून म्हणाला, “तुळजाक्का, पुढच्या भाद्रपदात मला उकरायला शिकीव.”

आणि तो खरेच आला. त्याच्या हाताने मी पहिलीच अळंबी मधोमध कापली. तुळजा म्हणाली, “चुकलं. दुसरी उकरा.” तो पुन्हा गुडघ्यांवर बसला.

तुळजा गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. मी वळचणीला गंजत आहे. पण रानात अळंबी अजून उगवते आणि घाईची माणसे देठ मोडूनच आणतात. मित्रांनो, जे तुम्ही ओळखत नाही ते भुकेपोटी, हट्टापोटी तोंडात घालू नका. जाणत्याला विचारा, आणि जाणता नसेल तर ते रानातच राहू द्या. आणि घरात कुठे माझ्यासारखे गंजलेले खुरपे असेल, तर त्याला थोडे तेल लावा. तुळजा लावायची, दर अमावास्येला.