थरथरती शीव

तळहातावरची पांढरी गोळी अंबरीशनं गिळली आणि नकाशा जिंकला. बरं, हे अजून झालंच नाही असं समजू. गोळी अजून तळहातावरच आहे, मधोमध बारीक खाच... दोन तुकडे करायची सोय, जणू अर्धं शहाणं होता येतं.

पाण्याचा तांब्या घेऊन मालविका समोर उभी. बायको म्हणून कमी, पंच म्हणून जास्त.

गोळीनं डोकं जागेवर राहतं आणि हात कापतो. त्यामुळंच काल हिमायतनगरच्या शाळेत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा रंगवताना शिवेची रेघ अशी काही भरकटली, की मुख्याध्यापक शेषेराव सर चष्मा पुसून शांतपणे म्हणाले, "पेंटर, आमचं गाव तुम्ही तेलंगणात नेऊन घातलं की हो." परवा तपासणी, तोवर रेघ सुधारा, नाहीतर चुना मारतो, असंही म्हणाले.

दोन दिवस गोळी चुकवली तर? तीन वर्षांपूर्वी सोडलीच होती. काय रेघ होती ती — नांदेडच्या एका दुकानाच्या पाटीवरून निघालेली, निळी, भिंतीवरून शटरवर, शटरवरून थेट शेजारच्या तुळजाबाईंच्या म्हशीवर. म्हैस हलली म्हणून तो तिच्याशी तासभर भांडला होता, आणि मुद्दे बिनतोड होते... मग दवाखान्यात सव्वा महिना. रेघ सरळच होती, तोच कुठंतरी सुटला होता. मालविका रोज डबा घेऊन यायची. तो तिला ओळखायचा नाही, म्हशीची मात्र खुशाली विचारायचा.

"घ्या," मालविका म्हणाली. "म्हशीचं वय झालंय आता."

त्यानं गिळली.

शाळेत शिडीवर चढून त्यानं कालची रेघ पुसली, हिमायतनगर महाराष्ट्रात परत आणलं, आणि या खेपेला मनगट आधाराच्या काठीला टेकवलंच नाही. कापतोस? काप. हात अडखळला तिथं ओढा काढला, घसरला तिथं उतार, उगाच दचकला तिथं कुणाचा तरी बांध — आणि काढता काढता त्याच्या लक्षात आलं, की पट्टीनं काढलेल्या त्या सगळ्या वर्षांत आपण एकदाही जमीन काढली नव्हती.

नातीला न्यायला आलेला दगडोबा भिंतीपाशी थबकला. त्याचं वावर ऐन शिवेवर. ओल्या रंगाला न लागता त्यानं बोट रेघेवरून फिरवलं.

"हाव, हीच शीव. हितंच वाकून राहिली. जुन्या नकाशात लई सरळ होती, माझी हीर मावतच नव्हती त्यात."

शेषेराव सरांनी विहिरीची जागा दोनदा विचारून घेतली. मग चुन्याची बादली शिपायाकरवी आत पाठवली.

अंबरीश शिडीवरच बसून राहिला. हात मांडीवर, अजून थरथरत... त्याला लपवावासा वाटला नाही. उलट जरा पुढंच ठेवला, दिसेल असा. मनात अर्ज आपोआप तयार होत होता —

मा. जिल्हाधिकारी साहेब, सदर भिंतीवरील सीमा अर्जदारानं शुद्धीत असताना काढलेली आहे. तरी प्रत्यक्ष सीमा जिथं जिथं सरळ आढळेल, तिथं ती या चित्राबरहुकूम थरथरती करून मिळावी, ही नम्र विनंती.