सहाकोनी बरणी घरी येते

मित्रांनो, मी एक मधाची बरणी आहे आणि गेली अठ्ठावीस वर्षं माझ्यात मध नाही. तरी सगळे मला मधाचीच बरणी म्हणतात. त्यात नवल नाही. निवृत्त झालेल्या मास्तरांनाही गाव शेवटपर्यंत मास्तरच म्हणतं.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. तिथली आच अशी होती की पुढे एरंडोलचा मे महिना मला थंड हवेचं ठिकाण वाटला. कारखान्याने मला सहा कोन दिले, गोल गळा दिला आणि डोक्यावर सोनेरी झाकण दिलं. रूप मिळालं की गर्व येतोच. तो मलाही आला.

एरंडोलमध्ये अन्वरभाई पिंजारी गाद्या-रजया भरून देतात. त्यांचा मुलगा सैफ चार वर्षांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला, तेव्हा अन्वरभाईंनी मला घरी आणलं. मध पंधरा दिवसांत संपला, खोकला महिन्याने गेला, आणि मी रिकामी झाले. मला वाटलं, संपलं आपलं. पण सैफच्या आईने, सलीमाआपांनी, मला कोमट पाण्यात बुडवलं, लेबल नखाने सोलून काढलं, उरलेला चिकटा तेलाने घासला, दोन दिवस गच्चीवर उन्हात उपडं ठेवलं आणि मग माझ्यात नाक घालून वास घेतला. “पास झाली,” त्या म्हणाल्या. इतकी कडक परीक्षा हल्ली शाळेतही होत नाही.

त्या दिवसापासून मी नोकरीला लागले. माझ्यात वेलदोडे राहिले, कलौंजी राहिली. एकदा अन्वरभाईंनी गाद्या शिवायचे दाभण ठेवले, तेव्हा आपांनी त्यांना जे सुनावलं ते काच असूनही मी ऐकलं नसल्यासारखं केलं. माझ्या मागोमाग लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या अशा आणखी एकोणचाळीस जणी आल्या. स्वयंपाकघरातल्या लांब फळीवर आम्ही चाळीस जणी राहू लागलो. फळीखाली खिळ्याला एक पिशवी होती. तिच्यात ज्यांची बरणी फुटली अशी निराधार झाकणं होती. आपा एकही झाकण टाकत नसत. “आज नाही तर उद्या कुणाच्या तरी डोक्यावर बसेल,” त्या म्हणायच्या.

मग सैफचं लग्न झालं आणि जळगावहून सदफ आली. मुलगी गुणी, कामाला चटपटीत, पण तिला सगळं एका मापाचं लागायचं. तिने मिस्त्रीला बोलावून ट्रॉली करायला दिली. मिस्त्री म्हणाला, “वहिनी, ती फळी निघाल्याशिवाय ट्रॉली बसत नाही.”

“मग काढा की.”

“फळी काढीन. पण तिच्यावर जी वस्ती आहे, ती कोण उठवणार?”

सलीमाआपांनी हे ऐकलं. त्या धुळ्याला निघाल्या होत्या, थोरल्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, महिनाभर तिथेच राहायचं होतं. पिशवी खांद्याला लावून त्या दारात वळल्या. “सदफ, हे घर तुझं, ट्रॉली तुझी, नवरा तर तुझाच. माझ्या म्हणाव्यात अशा या घरात एवढ्याच बरण्या उरल्यात. परत येईन तेव्हा मला त्या दिसल्या पाहिजेत.”

“दिसतील, अम्मी,” सदफ म्हणाली. कुठे दिसतील ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने मोतीलाल भंगारवाल्याची हातगाडी थांबवली. मोतीलालने आम्हा चाळीस जणींकडे पाहिलं आणि मान हलवली. “काच नको, वहिनी. फुटते, हात कापतो. लोखंड असेल तर बोला.” मित्रांनो, फेकलं जाण्याचं दुःख मोठं असतं. पण भंगारानेही नको म्हणावं, हे त्याहून मोठं.

तेव्हा सदफने वेगळा रस्ता काढला. आम्हाला धुऊनपुसून तिने टोपलीत भरलं आणि एका दुपारी गल्लीतल्या घराघरांत वाटून टाकलं. कुणाकडे एक, कुणाकडे तीन. प्रत्येक दारात ती सांगत होती, “ठेवून घ्या, परत नका करू हं.” सगळ्यात शेवटी मी राहिले. त्याच दुपारी गादीचा कापूस पिंजून घ्यायला पद्मालयाच्या गणपतीच्या रस्त्यावरच्या खेड्यातून सुगंधाबाई आल्या होत्या. त्या सलीमाआपांच्या जुन्या मैत्रीण. सदफने मला त्यांच्या पिशवीत घातलं आणि हात झटकले.

इथे सदफची चूक झाली. आपल्याकडे कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. पण ‘परत नका करू’ एवढं सांगितलं की लोक ऐकतात, असं तिला वाटलं. लोक कशाला ऐकतील? असं म्हणणाऱ्याने म्हणायचंच असतं, आणि ऐकणाऱ्याने मुळीच मनावर घ्यायचं नसतं!

पुढे गल्लीत काय झालं ते मला नंतर लोणच्याच्या बरणीने सांगितलं. तिला तिखटमीठ लावायची सवय आहे, पण खोटं ती बोलत नाही. फळी निघाली, ट्रॉली बसली, आणि चौथ्या दिवशी पहिली बरणी परत आली, काळ्या मसाल्याने भरलेली. मग लसणाची चटणी आली. मेहरूणची बोरं आली, उडदाची डाळ आली, भाजलेले शेंगदाणे आले. सदफ दारात उभी राहून “अहो, कशाला?” म्हणायची आणि बायका “असू दे गं” म्हणून बरणी तिच्या हातात कोंबायच्या. तिघी-चौघींनी तर घरातली एकेक रिकामी बरणीही जोडीला दिली. “तुमच्याकडे जमवतात ना, म्हणून.”

तीन आठवड्यांत एकोणचाळीसच्या त्रेचाळीस झाल्या, त्यातल्या एकोणचाळीस गळ्यापर्यंत भरलेल्या. ट्रॉलीच्या कप्प्यांत उंचीमुळे एकही मावेना. शेवटी सदफने स्वतःच मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री आला, फळी पुन्हा ठोकली, आणि जाता जाता म्हणाला, “वहिनी, या वेळी चार बोटं रुंद लावलीय. तुमचा काही नेम नाही.”

आणि मी? मी सुगंधाबाईंच्या घरी रिकामीच बसले होते. त्यांना माझ्यात घरचं म्हशीचं तूप भरायचं होतं, आणि तूप थोडं थोडंच साठत होतं. त्यांचे यजमान झिपरूनाना रोज चिडवायचे, “अव, पानी भरीसन दी टाक ना!”

“ते पानी मी तुमना डोकावर वतसु!” सुगंधाबाई म्हणायच्या. “सलीमा अक्कानं भांडं शे. भरसु ते काठोकाठ भरसु.” आपांचं भांडं आहे, भरीन तर काठोकाठच, असा त्यांचा हट्ट.

त्यातच एक दिवस शेळीने माझ्या सोनेरी झाकणावर पाय दिला आणि ते भाकरीसारखं चपटं झालं. तोंड उघडं, पोट रिकामं आणि घर दूर. रूपाचा गर्व माझा तिथे उतरला.

इकडे सलीमाआपा धुळ्याहून आल्या. स्वयंपाकघरात शिरल्या आणि जागीच थांबल्या. भरलेल्या बरण्यांची रांग उन्हात चमकत होती. “सदफ! मला वाटलं होतं, तू यांची वासलात लावशील. तू तर सगळ्या भरून ठेवल्यास!” मग त्यांची नजर फळीच्या पहिल्या जागेवर गेली. “माझी सहाकोनी कुठंय?”

सदफला खोटं बोलता आलं नाही. तिने टोपलीपासून मिस्त्रीपर्यंत सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिली. अन्वरभाईंनी हळूच टोपी उचलली आणि दुकानाकडे निघाले.

“वाटून टाकल्यास?” आपा म्हणाल्या.

“हो, अम्मी.”

“वाटल्यास त्याचं काही नाही गं. पण रिकाम्या?” आपांनी कपाळाला हात लावला. “माझ्या घरातून चाळीस भांडी रिकामी गेली? गल्ली काय म्हणाली असेल!”

सदफने मान वर केली. आपा रागावतील हे तिला अपेक्षित होतं, पण असं रागावतील हे नव्हतं. तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम.

त्याच आठवड्याच्या बाजारदिवशी सुगंधाबाई रिक्षातून दारात उतरल्या. त्यांच्या मांडीवर बसून मी आले होते, तोंडाला फडकं बांधलेलं, आत काठोकाठ रवाळ तूप. आपांनी मला दोन्ही हातांत घेतलं. “इतकं कशाला आणलंस, सुगंधा?”

“अक्का, तुनं भांडं शे,” सुगंधाबाई म्हणाल्या. मग ओशाळून पुढे म्हणाल्या, “पन झाकन शेळीनं मोडं व माय.”

सदफ उठली. तिने खिळ्यावरची पिशवी काढली, सगळी झाकणं जमिनीवर ओतली आणि एकेक माझ्या डोक्यावर बसवून पाहू लागली. एक सैल, एक घट्ट, एक नुसतंच गोल गोल फिरणारं. सतराव्या झाकणाने माझा गळा धरला. हिरवं, जॅमच्या बरणीचं. टक् करून बसलं. “अम्मी, बसलं!” सदफ अशी ओरडली की अन्वरभाई दुकानातून पळत आले.

मित्रांनो, ते तूप परवा संपलं. सदफने मला कोमट पाण्यात बुडवलं, उन्हात उपडं ठेवलं आणि माझ्यात नाक घालून वास घेतला. “पास,” ती म्हणाली. मग तिने स्वतः परतलेल्या शेवया, वर खारीक आणि चारोळी, असं सगळं माझ्यात गळ्यापर्यंत भरलं आणि सुगंधाबाईंकडे जायला एसटीत बसली. ही कहाणी मी तुम्हाला तिच्या मांडीवरूनच सांगते आहे. पद्मालयाचा रस्ता खराब आहे, पण तिने मला दोन्ही हातांनी धरलंय.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. चांगली बरणी फेकू नका. झाकण एकटं पडलं तरी सांभाळा, त्याची वेळ येते. आणि कुणाला बरणी दिलीत तर चिमूटभर का होईना, काहीतरी घालून द्या. नाहीतर सलीमाआपा भेटल्या तर त्यांना काय सांगाल?