बांधापलीकडचा चिखल

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे. उभी चिरलेली, टोकाला धार आणि वर आडवी मूठ. चिखलात खोल जाऊन त्याचे थर जसेच्या तसे वर आणायचे, हे माझे काम. विद्यापीठाच्या कार्यशाळेतल्या फिटरने मला घडवले आणि खाडीच्या चिखलावर पीएचडी करणाऱ्या एका मुलीच्या हाती दिले. चिखलातून ती तिरकी तिरकी चालायची, म्हणून सगळे तिला खेकडी म्हणत.

भरतीचे पाणी जिथे रोज येते, तिथल्या चिखलात हवा शिरत नाही. त्यामुळे गवताची मुळे धड कुजत नाहीत आणि त्यांच्यातला कार्बन शतकानुशतके तिथेच मुरून राहतो. तसला काळाभोर, तंतूंनी भरलेला थर मी वर आणला, की त्याला कुजक्या अंड्यांचा वास यायचा. खेकडीला तो अत्तरासारखा वाटे.

मग तिने मला बांधापलीकडच्या जमिनीत घातले. पूर्वी तीही खाडीच होती. शेतीसाठी पाणी अडवले, पण पीक कधी धरलेच नाही. तिथून वर आली ती भुसभुशीत, तपकिरी माती. हवा लागून जुनी मुळे कुजली होती, त्यांच्यातला कार्बन वायू होऊन उडून गेला होता आणि जमीन खचली होती. खेकडीने मान वळवून बांधाकडे पाहिले. तो बांध तिच्या बाबांनी बांधला होता. ते गवंडी होते आणि त्या बांधावर त्यांचा फार जीव.

आता हे प्रबंधात लिहायचे कसे? तिच्या मार्गदर्शक बाईंनी जागा बदलण्याचे सुचवून पाहिले. तिने ऐकले नाही. ती बाबांनाच तिथे घेऊन आली आणि माझी मूठ त्यांच्या हाती दिली. दोन्हीकडचा चिखल त्यांनी स्वतः काढला, शेजारी शेजारी ठेवला, बोटांनी चुरून पाहिला.

"म्हणजे माझा बांध चुकला म्हण की," ते म्हणाले.

"बांध नाही चुकला, बाबा. तुम्ही तो इतका चोख बांधलात, की थेंबभर पाणी आत आलं नाही. जागा चुकली."

पुढे तिचा प्रबंध वाचून बांध उघडायचे ठरले, तेव्हा बाबा सर्वांच्या आधी येऊन उभे राहिले. पहिला दगड त्यांनीच काढला. पाणी आत शिरताना खेकडीने त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

आज ती दुसऱ्या गावी शिकवते. माझ्या जागी नवी, चकचकीत नळी आली आहे. कोणीतरी मला न धुताच कोपऱ्यात टेकवले आणि माझ्या धारेला गंज चढला. मित्रांनो, खारे पाणी पोलाद खाते. काम झाल्यावर अवजार गोड्या पाण्याने धुवा, तेलाचा हात फिरवून ठेवा. चिखलाला यातले काहीच नको. भरतीची वाट तेवढी मोकळी ठेवा, बाकीचे तो पाहून घेईल.