चार तासांची गुठळी

कायिरा साहेबांशी माझं कधी पटलं नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नव्हती. सरोवराकाठच्या आमच्या मिशनच्या इस्पितळात ते प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि मी तिथेच बावीस वर्षं जंतू वाढवत आलेली. आल्या आल्या त्यांनी फतवा काढला. जंतू मिसळलेल्या प्लाझ्माची नळी उबपेटीत ठेवली की दुसऱ्या सकाळीच बघायची. वीज आधीच धड नसते, सारखं दार उघडून ऊब घालवायची नाही.

आता यात काय बिघडतं ते सांगते. घोसात दिसणारे दोन जंतू, भावंडंच म्हणा, भिंगाखाली अगदी सारखे. एक बापडा कातडीवर पडून असतो. दुसरा रक्तात शिरला की माणूस संपवतो. या दुसऱ्याकडे प्लाझ्मा गोठवणारं एन्झाइम असतं, म्हणून नळीत गुठळी धरते. पण हा मेला कधी कधी रात्रीत आपलीच गुठळी विरघळवून टाकतो. चार तासांनी बघितलं नाही तर सकाळी नुसतं पाणी. हे मी भांडभांडून सांगितलं आणि दोन मेमो पदरात पाडून घेतले. तिसरा मिळाला की घरी.

जूनमध्ये साहेबच तापाने आडवे झाले. त्यांच्या रक्तात घोसवाले जंतू वाढले. डॉक्टर मसिस्का म्हणाल्या, सुई टोचताना कातडीवरचे आले असतील तर मलेरियाचंच औषध चालू ठेवू, तुमचा रिपोर्ट येऊ दे.

सकाळी आठला नळी लावली. बाराला उबपेटीपाशी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, वाटलं, बघूच नये. नियम त्यांचाच. उद्या पाणी दिसेल, मी 'कातडीवरचा' असं लिहीन, आणि ब्याद टळेल. दोन मिनिटं मला फार बरं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली. दार उघडून नळी तिरकी केली, तर आतलं जेलीसारखं जागच्या जागी.

तशीच वॉर्डात घेऊन गेले. साहेब तापाने फणफणले होते, पण जीभ शाबूत होती.

"न्यालुंगू, दार कुणाला विचारून उघडलंत?"

"तुमच्या तापाला विचारून," मी म्हणाले.

डॉक्टरांनी नळी बघितली आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली.

चौथ्या आठवड्यात साहेब कामावर आले आणि त्यांनी आधी वही मागवली. दुपारची माझी नोंद होती, गुठळी. खाली दुसऱ्या सकाळची, पाणी. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, नियम मोडलात तो मोडलात, वर गुठळीही खोटी लिहिलीत.

"तेव्हा तुम्हाला ताप होता, आज नाही," मी म्हणाले. "मग तो आलाच नव्हता म्हणायचं का?"

साहेबांनी तिसरा मेमो पुढे ओढून सही केली. सही चांगली ठसठशीत आली. माणूस अगदी खडखडीत बरा झाला होता.